मिक्सर फिरेना : दोषशोधनाचा एक पाठ

(इयत्ता सहावी ते आठवी. विषय : सामान्य विज्ञान व कार्यानुभव. तासिका : दोन, प्रत्येकी ४० मिनिटांच्या.)

प्रास्ताविक

खेड्यापाड्यांतील स्वयंपाकघरात पाटा-वरवंट्याच्या शेजारी आता मिक्सर येऊन बसला आहे. तो रोज काम करीत असतो तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. एखाद्या सकाळी बटण फिरवावे आणि तो हलूही नये, म्हणजे मात्र घरातील प्रत्येकास काही ना काही सुचू लागते. कोणी बटण पुन्हा पुन्हा फिरवतो, कोणी यंत्रास थापट्या मारतो, कोणी स्क्रू काढावयास बसतो. 'मोटर जळाली' असा निकाल दिला जातो आणि त्याच दमात 'शेवटी कोणी वापरला होता?' असा प्रश्नही येतो. बहुधा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या माथी दोष बसतो. मग यंत्र पिशवीत घालून तालुक्याच्या गावी नेले जाते. पुष्कळदा तेथे तळाचे एक बटण दाबताच ते सुरू होते. त्या एका बटणापायी घरचा एक दिवसाचा रोज बुडालेला असतो आणि बसभाडे निराळे.

याहून मोठी हानीही होऊ शकते. प्लग बोर्डात तसाच ठेवून यंत्राचे झाकण उघडणारा हात २३० व्होल्टच्या विजेपाशी जात असतो. असा हात पुष्कळदा घरातील 'हुशार' मुलाचाच असतो, कारण शाळेत विज्ञान शिकणारा तोच. तेव्हा या मुलास काय करावे हे जसे शाळेने शिकवावयाचे, तसे काय करू नये हेही शाळेनेच शिकवावयाचे आहे.

भारतीय संविधानातील मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे एक कर्तव्य सांगितले आहे. १९७६ मध्ये ते संविधानात समाविष्ट झाले. ही दृष्टी केवळ व्याख्या पाठ करून येत नाही. बंद पडलेल्या यंत्रापुढे उभे राहून 'प्रथम काय पाहू?' असे स्वतःस विचारण्याची सवय लागली, म्हणजे ती येऊ लागते. पुढील पाठाची योजना या हेतूने केली आहे. त्यास प्रयोगशाळा लागत नाही, आणि पाठाच्या कोणत्याही भागात मुलांचा हात घरगुती विजेपाशी जात नाही.

पाठाचे उद्देश

(१) मोटर फिरण्यास कोणकोणत्या गोष्टी लागतात हे विद्यार्थ्यांस प्रयोगाने समजावे.
(२) दोष शोधताना बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे व एका वेळी एकच बदल या क्रमाने जाण्याची सवय लागावी.
(३) आपले काम कोठे संपते आणि जाणकार कारागिराचे कोठे सुरू होते, ती रेषा ओळखता यावी.
(४) प्रत्यक्ष पाहिलेले आणि त्यावरून केलेले अनुमान यांत भेद करून लिहिता यावे.

साहित्य

प्रत्येक गटास टॉर्चचा १.५ व्होल्टचा मोठा सेल एक, मोठ्या सेफ्टी पिना दोन, जुन्या स्पीकरमधील किंवा बाजारात मिळणारा लहान गोल चुंबक एक, इनॅमलचा मुलामा असलेली तांब्याची तार सुमारे एक मीटर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि रुंद रबर बँड. मोटर रिवाइंड करणाऱ्या दुकानात तारेचे उरलेले तुकडे बहुधा सहज मिळतात. दुसऱ्या तासिकेसाठी एक मिक्सर व त्याचे भांडे. मिक्सर बंद पडलेला असला तरी चालेल, किंबहुना अधिक बरे.

पूर्वज्ञान

शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारावेत : टॉर्चचा दिवा लागण्यास काय काय लागते? सेल उलटा घातला तर काय होते? तारेवरून रंग अथवा मुलामा का खरवडतात? चुंबकाजवळ दुसरा चुंबक नेला असता काय अनुभव येतो? विद्युत् मंडल पूर्ण असेल तरच प्रवाह वाहतो, एवढे विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे.

हेतुकथन

'घरातील मिक्सर फिरत नसेल तर त्याचे कारण कसे शोधावे, हे आज आपण पाहू. त्यासाठी प्रथम एक मोटर स्वतः करू, आणि मग ती मुद्दाम बिघडवू.'

पहिली तासिका : मोटर करणे व बिघडवणे

तारेचे दहा-बारा वेढे सेलभोवती घेऊन गुंडाळी करावी व ती हळूच काढून घ्यावी. तारेची दोन टोके गुंडाळीच्या समोरासमोरच्या बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर सरळ बाहेर राहतील अशी ठेवून, त्याच टोकांचा एकेक वेढा गुंडाळीस देऊन ती घट्ट करावी. ही सरळ टोके म्हणजे गुंडाळीचा आस होय. सेलच्या दोन्ही टोकांस एकेक सेफ्टी पिन उभी लावून रबर बँडने बसवावी. पिनांच्या डोळ्यांत आसाची टोके ठेवावीत आणि चुंबक गुंडाळीच्या खाली सेलवर ठेवावा.

आता महत्त्वाची गोष्ट टोके खरवडण्याची. एक टोक सर्व बाजूंनी खरवडावे. दुसरे टोक मात्र गुंडाळी उभी धरून केवळ वरच्या अर्ध्या बाजूने खरवडावे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेरीत चुंबक गुंडाळीस पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे ओढतो; गुंडाळी नुसती डोलत राहते. अर्धे टोक मुलाम्याखाली राहिले म्हणजे नको त्या अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो, आणि मिळालेल्या वेगाच्या बळावर गुंडाळी ती फेरी पूर्ण करते. बोटाने हलकी टिचकी मारताच मोटर फिरू लागेल. ती एका वेळी थोडाच वेळ चालवावी. कारण तारेचा रोध अल्प असल्याने तार व सेल दोन्ही तापतात.

मोटर फिरू लागली म्हणजे वर्गात आनंदाचा गलका होईल. तो होऊ द्यावा. नंतर विचारावे : 'ही फिरण्यास काय काय लागले?' उत्तरे एकत्र करून फलकावर चार शब्द लिहावेत :

वीज – वाट – चुंबक – मोकळीक

वीज म्हणजे सेल. वाट म्हणजे खरवडलेल्या टोकांतून व पिनांतून जाणारा अखंड मार्ग. चुंबक म्हणजे ज्याच्या बळाने गुंडाळी ढकलली जाते तो. मोकळीक म्हणजे आसास अडथळा नसणे. या चारांतील एक जरी गेले तरी मोटर थांबते.

यानंतर गटांनी आपापल्या मोटरीत एकच दोष गुपचूप करावा आणि ती शेजारच्या गटास द्यावी. सेल व पिन यांच्यामध्ये कागदाचा कपटा सरकवावा, किंवा निकामी सेल बसवावा, खरवडलेल्या टोकावर नखांना लावावयाचे पॉलिश लावावे, चुंबक काढून त्या जागी तेवढ्याच आकाराची लोखंडी चकती ठेवावी, अथवा आसाभोवती दोऱ्याचा एक धागा अडकवावा. दोष शोधणाऱ्या गटाने वहीत तीन रकाने आखावेत : 'काय पाहिले', 'काय केले', 'काय झाले'.

येथे शिक्षकांनी एका गोष्टीवर विशेष लक्ष ठेवावे. घाईत असलेला गट सेलही बदलतो, टोकेही खरवडतो आणि चुंबकही हलवतो. मोटर फिरू लागते आणि गट टाळ्या वाजवतो. अशा वेळी शांतपणे विचारावे : 'दोष कशात होता?' गटास उत्तर देता येत नाही. निकामी म्हणून बाजूस ठेवलेला सेल कदाचित चांगलाच असतो. एका वेळी एकच बदल हा नियम या क्षणी सांगितला तर मुलांच्या मनात पक्का बसतो. आधी सांगितला तर तो केवळ एक उपदेश ठरतो.

दुसरी गोष्ट अदलाबदलीची. सेलविषयी शंका असेल तर तो शेजारच्या चालू मोटरीत घालून पाहावा, आणि तेथील चांगला सेल आपल्या मोटरीत आणून पाहावा. संशयित वस्तू चांगल्या ठिकाणी आणि चांगली वस्तू संशयित ठिकाणी, अशी दुहेरी परीक्षा झाली म्हणजे शंकेस जागा उरत नाही. मिक्सर तपासताना हीच युक्ती उपयोगी पडणार आहे.

शिक्षकांसाठी माहिती

मिक्सरची मोटर मुलांनी केलेल्या मोटरीचीच मोठी बहीण आहे. तिच्यात कायम चुंबक नसतो. बाहेरची स्थिर गुंडाळी विजेनेच चुंबक बनते. आत फिरणाऱ्या भागावर अनेक गुंडाळ्या असतात. त्यांची टोके तांब्याच्या पट्ट्यांच्या एका गोल नळकांड्यावर जोडलेली असतात, आणि त्या पट्ट्यांवर दोन बाजूंनी कार्बनचे तुकडे दाबून बसवलेले असतात. यांस कार्बन ब्रश म्हणतात. अर्धे खरवडलेले टोक जे काम करते तेच काम ही पट्ट्यांची व कार्बनची जोडी अधिक सफाईने करते. प्रवाह नुसता न तोडता योग्य त्या गुंडाळीस देत राहते. घरगुती वीज सेकंदास ५० वेळा आवर्तन करते. परंतु बाहेरच्या व आतल्या दोन्ही गुंडाळ्यांतील प्रवाहाची दिशा एकाच वेळी बदलत असल्यामुळे ढकलण्याची दिशा तीच राहते. म्हणूनच ही मोटर अशा विजेवर चालू शकते. भार नसताना ती सामान्यतः मिनिटास १८,००० ते २०,००० फेरे करते.

भारतीय स्वयंपाकघरात या मोटरीवर पडणारा ताण मोठा असतो. भिजवलेली डाळ, सुके खोबरे, हळकुंडे वाटणे हे फळांचा रस काढण्यापेक्षा फार जड काम होय. १९६० च्या दशकात मुंबईतील अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा परदेशी मिक्सर बंद पडला. तो का टिकला नाही याचा विचार करून त्यांनी येथील वाटणास पुरेल अशी मोटर व तशी भांडी योजली, आणि 'सुमीत' या नावाचा मिक्सर तयार झाला. बिघाडाचे कारण नीट शोधणारा मनुष्य केवळ दुरुस्तीपाशी थांबत नाही, याचे हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे.

दुसरी तासिका : मिक्सरची तपासणी

मिक्सर टेबलावर ठेवावा आणि त्याचा प्लग सर्वांस दिसेल असा समोर ठेवावा. ही तासिका संपेपर्यंत प्लग बोर्डात जाणार नाही, असे प्रारंभीच सांगावे. पुढील पायऱ्या मुलांकडून यंत्रावर बोट ठेवून करवून घ्याव्यात. घरी यंत्र चालवून पाहण्याचे जे काम आहे, ते मोठ्या माणसानेच करावयाचे आहे हेही पुन्हा पुन्हा सांगावे.

*पहिली पायरी : वीज तोडणे.* मिक्सरचे बटण शून्यावर, बोर्डाचे बटण बंद, मग प्लग बाहेर. प्लग धरून ओढावा, वायर धरून ओढू नये. हात कोरडे असावेत. केवळ बोर्डाचे बटण बंद करून भागत नाही. काही घरांत जोडणी चुकलेली असते आणि बटण बंद असतानाही यंत्रापर्यंत वीज आलेली असते. प्लगच्या तीन पायांपैकी जाड व लांब पाय अर्थिंगचा असतो. तो लांब ठेवण्याचे कारण मुलांस विचारावे. प्लग घालताना तो सर्वांआधी जोडला जातो आणि काढताना सर्वांनंतर सुटतो, असे उत्तर यावयास हवे.

*दुसरी पायरी : पाहणे व हुंगणे.* जळका वास येतो काय? प्लग काळवंडला आहे काय? वायर कोठे दबलेली, चिरलेली अथवा उंदराने कुरतडलेली आहे काय? भांड्याखालून पाणी किंवा वाटण गळून बैठकीत उतरले आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' आले तर तपासणी येथेच संपली. यंत्र बाजूस ठेवावे व कारागिराकडे द्यावे.

*तिसरी पायरी : वीज येते काय?* हा प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि म्हणूनच विसरला जातो. प्रथम घरात वीज आहे का ते पाहावे. मग त्याच सॉकेटमध्ये दुसरे चालू उपकरण लावून पाहावे, आणि मिक्सर दुसऱ्या चांगल्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. येथे एक सावधगिरी हवी. मोबाइलचा चार्जर चालला म्हणून सॉकेट उत्तम आहे असे ठरत नाही. चार्जरला फार थोडा प्रवाह लागतो. सैल झालेला सॉकेट चार्जरपुरता प्रवाह देतो आणि मिक्सरच्या वेळी कच खातो. म्हणून मिक्सर दुसऱ्या जागी लावून पाहणे हीच खरी परीक्षा.

*चौथी पायरी : यंत्राचे उत्तर ऐकणे.* वीज येत असूनही काम होत नाही, तेव्हा यंत्र तीन प्रकारे उत्तर देते.

(अ) *मोटर गुणगुणते, पण फिरत नाही.* बटण तत्क्षणी शून्यावर आणावे. वीज मिळते पण मोकळीक नाही, असा याचा अर्थ बहुधा असतो. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्रवाह घेते व तिची गुंडाळी अल्पावधीत तापून जळू शकते. प्लग काढून भांडे उचलावे. भांड्याच्या तळाशी जो दातेरी भाग असतो, त्यास कपलर म्हणतात. तो हाताने फिरवून पाहावा. भांड्याच्या आत हात घालू नये, पाती धारदार असतात. कपलर घट्ट बसला असेल तर भांड्याचा बुश गंजला आहे किंवा त्यात वाटण सुकून बसले आहे. मग बैठकीवरील कपलर फिरवून पाहावा. तो किंचित अडखळत पण मोकळा फिरावयास हवा. दोष भांड्यात की मोटरीत, याचा निवाडा या दोन साध्या परीक्षांनी होतो.

(आ) *मोटर फिरते, पण पाते फिरत नाही.* मोटर निर्दोष आहे. कपलरचे दाते झिजले आहेत अथवा तुटले आहेत, किंवा भांडे खाचेत नीट बसलेले नाही. येथे 'मोटर जळाली' असे म्हणून मोटर बदलणे म्हणजे चाक पंक्चर झाले म्हणून बैल बदलण्यासारखे होय.

(इ) *यंत्र संपूर्ण मुके आहे.* भांडे व झाकण योग्य जागी बसले आहे काय हे आधी पाहावे. काही मिक्सरांत ते नीट बसल्याखेरीज वीज पुढे जात नाही. मग प्लग काढून, भांडे उतरवून बैठक उलटी करावी. तळाशी एक लहान बटण असते, पुष्कळदा लाल रंगाचे. यास ओव्हरलोड बटण म्हणतात. भार अति झाला म्हणजे ते आपोआप वीज तोडते. यंत्र पुरते निवू द्यावे आणि मग ते दाबावे. यानंतर मोठ्या माणसाने कमी वाटण घालून यंत्र थोडा वेळ चालवून पाहावे.

ओव्हरलोड बटणाविषयी मुलांस एक प्रश्न अवश्य विचारावा : 'बटण दाबताच मिक्सर चालू झाला. दोष सापडला काय?' पुष्कळ मुले 'होय' म्हणतील. परंतु बटण हा पहारेकरी आहे. त्याने आपले काम केले. त्याला हाक का मारावी लागली हा खरा प्रश्न. भांडे काठोकाठ भरले होते काय? डाळ फार घट्ट होती काय? मध्ये विश्रांती न देता यंत्र सतत चालवले काय? विजेचा दाब कमी होता काय? दाब कमी झाला म्हणजे मोटर मंद फिरते. तिच्याच आसावरील पंखा तिला वारा घालत असतो, तोही मंद होतो, आणि ती लवकर तापते. संध्याकाळी गावात सर्वत्र भार वाढलेला असताना जड वाटण का टाळावे, हे मुलांस येथे आपोआप उमगेल.

थांबण्याची रेषा

एवढ्या पायऱ्यांनंतरही यंत्र मुकेच असेल, तर दोष आत आहे. वायर आतून तुटली असेल, बटण निकामी झाले असेल, कार्बन झिजून आखूड झाले असतील किंवा गुंडाळी जळाली असेल. यांतील काहीही घरी उघडून पाहावयाचे नाही. त्याचप्रमाणे यंत्रास हात लावताच झिणझिण्या येणे, धूर निघणे, यंत्र लावताच घरचा एमसीबी पडणे, ओव्हरलोड बटण पुन्हा पुन्हा उडणे, यांपैकी काही घडल्यास दुसऱ्यांदा प्रयत्न करू नये. जुन्या घरांत फ्यूज असेल तर तो वारंवार जातो म्हणून जाड तार घालणे हा दोष दूर करण्याचा मार्ग नव्हे. तो पहारेकऱ्याचे तोंड बांधण्याचा प्रकार आहे.

कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटून राहिला असेल तर त्यास हात लावू नये. मुख्य बटण बंद करावे. ते शक्य नसेल तर कोरड्या वस्तूवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्यास दूर करावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुलांनी मात्र प्रथम मोठ्याने हाक मारून मोठ्या माणसास बोलवावे. हा परिच्छेद प्रत्येक मुलाकडून एकदा तोंडी म्हणवून घ्यावा.

दृढीकरण : मुका मिक्सर

एका चिठ्ठीवर शिक्षकांनी एक दोष लिहून ती खिशात ठेवावी. आता शिक्षक स्वतः 'मिक्सर' आहेत. मुलांनी एकेक परीक्षा सुचवावी व शिक्षकांनी मिक्सरच्या वतीने उत्तर द्यावे. प्रत्येक परीक्षेगणिक फलकावर एक रेघ ओढावी. जो गट थोड्या रेघांत दोष शोधील तो जिंकला. नमुना असा :

विद्यार्थी : प्लग काढला. जळका वास येतो का?
शिक्षक : नाही.
विद्यार्थी : दुसऱ्या सॉकेटमध्ये घरच्या मोठ्या माणसाने लावून पाहिले. चालला का?
शिक्षक : नाही. आवाजही नाही.
विद्यार्थी : प्लग काढून भांडे पुन्हा नीट बसवले. आता?
शिक्षक : तसाच मुका.
विद्यार्थी : काल शेवटी काय वाटले होते?
शिक्षक : उडदाची डाळ, दोन किलो, एका दमात.
विद्यार्थी : प्लग काढला. यंत्र निवल्यावर तळाचे बटण दाबले.
शिक्षक : फिरू लागला.

प्लग काढल्याचे न सांगता यंत्रास हात लावणारा गट त्या डावातून बाद, हा नियम कसोशीने पाळावा. या खेळात 'काल शेवटी कोणी वापरला?' असा प्रश्न एखादा मुलगा विचारतोच. त्यास 'मिक्सरला नावे ठाऊक नाहीत' असे उत्तर द्यावे. काय वाटले, किती वाटले, किती वेळ वाटले, हे प्रश्न दोषापर्यंत नेतात; कोणी वाटले हा प्रश्न केवळ भांडणापर्यंत नेतो. ही गोष्ट मुले घरी घेऊन गेली, तर या पाठाचा अर्धा हेतू सफल झाला असे समजावे. मिक्सरची तपासणी हे मुलांचे काम आणि वाटण हे मुलींचे, अशी वाटणी वर्गात होणार नाही याचीही दक्षता घ्यावी.

अनुबंध

*गणित :* मिक्सरवर ७५० वॉट असे लिहिले आहे. २३० व्होल्टवर तो किती प्रवाह घेईल? (७५० ÷ २३० = सुमारे ३.२६ अँपिअर.) तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावावा काय? रोज १० मिनिटे चालल्यास ३० दिवसांत किती युनिट वीज लागेल? (०.१२५ × ३० = ३.७५ युनिट.)

*भाषा :* कारागिरास द्यावयाची चिठ्ठी मुलांकडून लिहवून घ्यावी. 'मिक्सर बिघडला आहे, दुरुस्त करावा' ही चिठ्ठी निरुपयोगी होय. 'मंगळवारी खोबरे वाटत असताना थांबला. जळका वास नाही. दोन सॉकेटवर पाहिले. भांडे मोकळे फिरते. तळाचे बटण निवल्यावर दाबले, तरी मुका आहे' ही चिठ्ठी कारागिराचा वेळ वाचवते, आणि न झालेल्या बिघाडाचे पैसे देण्यापासून घरास वाचवते.

*शाळेतील पंखा :* छताचा पंखा गुणगुणतो पण सुरू होत नाही, आणि काठीने ढकलताच फिरू लागतो, तर दोष बहुधा कपॅसिटरचा असतो. पंख्याच्या मोटरीत कार्बन नसतात. पहिली गती मिळण्यास तिला कपॅसिटरचे साहाय्य लागते. बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युत्भार राहू शकतो, म्हणून तो वायरमननेच बदलावा. काठीचा प्रयोगही मुलांकडून करवू नये. अवयव निराळे असले तरी वीज, वाट, चुंबक, मोकळीक हाच क्रम येथेही लागू पडतो, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

फलकलेखन

बंद यंत्रापुढे पाच गोष्टी :
१. प्लग काढा. २. पाहा, हुंगा. ३. बाहेरून आत जा. ४. एका वेळी एकच बदल. ५. रेषा आली की थांबा.

स्वाध्याय

(१) घरातील मोटर असलेल्या उपकरणांची यादी करा व प्रत्येकावर लिहिलेले वॉट नोंदवा.
(२) घरच्या मिक्सरचे ओव्हरलोड बटण कोठे आहे ते मोठ्या माणसासमोर, प्लग काढून पाहा आणि घरातील सर्वांस दाखवा.
(३) 'मोटर गुणगुणते पण फिरत नाही' आणि 'मोटर मुकी आहे' यांतील भेद पाच ओळींत लिहा.

मूल्यमापन व समारोप

या पाठाचे मूल्यमापन केवळ प्रश्नोत्तरांनी होणार नाही. आठ-पंधरा दिवसांनी वर्गातील घड्याळ बंद पडले, हातपंपास पाणी येईना किंवा शाळेचा संगणक सुरू होईना, तेव्हा मुले काय करतात हे शिक्षकांनी दुरून पाहावे. 'बिघडला' असे म्हणून ती निघून जातात, की सेल काढून दुसऱ्या घड्याळात घालून पाहतात? विजेच्या उपकरणाजवळ जाताना त्यांचे डोळे आधी प्लगकडे वळतात काय? वळत असतील, तर पाठ उत्तम झाला.

दोष शोधणे हे रागावण्याचे काम नाही आणि नशिबाचेही नाही. ज्याने एक लहानशी मोटर स्वतः केली, स्वतः बिघडवली आणि पुन्हा फिरवली, त्यास कोणत्याही यंत्राची वृथा भीती उरत नाही आणि वृथा धिटाईही येत नाही. वर्गात शंभर रुपयांचेही साहित्य नसले तरी तार, सेल आणि चुंबक एवढ्यावर ही शिकवण देता येते. शिक्षकांनी ती येत्या सत्रात अवश्य द्यावी.